दोन मीटर चाळीस

अर्थिंगची सळई दोन मीटर चाळीसची असते. लोखंडाची, वरून तांब्याचा मुलामा, अंगठ्याएवढी जाड. ती सगळीच्या सगळी जमिनीत जायला हवी, वर क्लॅम्प बसेल एवढं बोटभर टोक राहिलं की झालं. बान लेम गावच्या मिठागरांत मी पस्तीस वर्षं वायरमनचं काम करतोय आणि हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय की लोक मला पाहिलं की स्वतःच म्हणून दाखवतात. उआन आला, आता दोन मीटर चाळीसचं कीर्तन सुरू होणार, असं चेष्टेनं म्हणतात. उआन म्हणजे जाड्या. लहानपणी होतो, आता नुसती हाडं राहिलीत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तर हा जो मी, त्याच मी लमुनमावशीच्या घरी साठ सेंटिमीटर घातली. कुणी दमदाटी केली म्हणून नाही. भिडेपोटी. आमच्याकडे भीड हा गुण समजतात. मोठ्या माणसाचा चेहरा पडू द्यायचा नाही, नाही म्हणायची वेळ आली तर हसायचं, आणि विचारायचं असेल ते गिळून टाकायचं. माझी आई म्हणायची, उआन कुणाचं मन मोडत नाही. त्याचं मला फार कौतुक वाटायचं, काय सांगू.

लमुनमावशीचं घर कालव्याला लागून. मिठागरं विकून झाली, जमीन उरली ती घराखालची. नवरा प्रयातकाका, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचा आणि बोलताना एक गालच हलायचा. एकुलती एक मुलगी सायरुंग, बँकॉकला बँकेत. ती वर्षातून दोनदा यायची, व्हॅननं. दुपारी उतरायची, बापाच्या औषधांच्या पुड्या तपासायची, आईशी एखादं भांडण काढायची आणि संध्याकाळची शेवटची व्हॅन चुकेल म्हणून चपला घालायची. मावशी तिच्या पाठीमागे डब्यात भरलेली खेकड्याची चटणी घेऊन रस्त्यापर्यंत पळायची. हे आख्ख्या गल्लीनं पाहिलेलं.

मग गेल्या पावसाळ्यानंतर सायरुंगनं विजेची गाडी बुक केली. फोनवर आईला म्हणाली, गाडी एप्रिलमध्ये मिळेल, सोंगक्रानच्या सणाआधी. घरी रात्री लावून ठेवायची सोय झाली तर मी दर शुक्रवारी येईन, सोमवारी बाबांना फेचबुरीच्या इस्पितळात दाखवून तशीच परत जाईन. वाटेत कुठे रांगेत उभं राहून चार्ज करत बसायला मला वेळ नाही, घरी सोय असेल तरच. मावशीनं यातलं फक्त 'दर शुक्रवारी' ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात.

"उआन, माझ्या घरात गाडीला पेज पाजायची सोय करून दे," ती म्हणाली. चार्जिंगला ती शेवटपर्यंत पेज पाजणंच म्हणायची.

मी घर जाऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. प्रयातकाकांच्या बापानं केलेली वायरिंग. खांबावरून दोन वायरी आत आलेल्या, एक वीज आणणारी, एक परत नेणारी, मध्ये एक लाकडी पाटी आणि त्यावर चिनी मातीचे फ्यूज. अर्थिंग नावाला नाही. मीटर एवढासा, त्यावर गाडी सोडा, इस्त्री आणि पंप एकत्र चालले तर दिवे डोळे मिचकावायचे. मी म्हटलं, मावशी, सगळं मुळापासून करावं लागेल. मोठा मीटर, खांबापासून जाड वायर, नवा बोर्ड, गळती पकडणारा स्विच, गाडीसाठी वेगळी लाइन पडवीपर्यंत, आणि अर्थिंग. चार्जर गाडीबरोबर येईल, तो कंपनीचा माणूस लावेल. आपण वायर ओढून भिंतीवर डबी बसवून तोंड बंद करून ठेवायचं. मावशी म्हणाली, कर. काका पडवीतल्या खुर्चीत बसून एका गालानं हसले आणि म्हणाले, गाडीची खोली तयार, आमची खोली कधी रंगवणार ते विचार तिला.

डिसेंबरात काम धरलं. आठ दिवस मी तिथेच होतो. मावशी रोज गल्लीतल्या कुणाला ना कुणाला आणून ती भिंतीवरची बंद डबी दाखवायची. समोरची एक बाई म्हणाली, गाडी यायच्या आधी गाडीचं ताट वाढून ठेवलंय, पोर यायची विसरली म्हणजे झालं. मावशी तिच्याशी आठवडाभर बोलली नाही. सायरुंग रोज फोनवर मला विचारायची, कुठली वायर, किती जाडीची, बोर्ड कोणता. मुलगी हुशार. चार्जरचं माहितीपुस्तक आधीच वाचून बसलेली. मला ते आवडलं, खरं सांगतो. दहा गिऱ्हाइकांत एक असं विचारतं.

सगळं झालं आणि शेवटी अर्थिंग राहिलं.

अंगणात सगळीकडे फरशी. मागच्याच वर्षी घातलेली, मावशीचा जीव त्या फरशीवर. उघडी माती फक्त एका कोपऱ्यात होती, पडवीला लागून, आणि तिथे खांबावर राखणदाराचं, म्हणजे जागेच्या देवाचं, बाहुलीएवढं घर. जागेचा मालक तो, आपण नुसते राहणारे. मावशी रोज सकाळी त्याच्यापुढे झेंडूचा गजरा, भात आणि लाल सरबताची बाटली ठेवायची, बाटलीत नळी घालून. त्याच्या पायाशी लोखंड ठोकायचं म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. पण दर शुक्रवारचा सवाल होता. तिनं देवळातल्या म्हाताऱ्याकडून दिवस आणि वेळ काढून आणली, उदबत्त्या लावल्या, माफी मागितली, पोरीचं नाव घेऊन सांगितलं की ती घरी यावी म्हणून हे चाललंय. मग मला खूण केली. मी घण उचलला.

आमच्याकडची घरं भराव घालून उभी केलेली. वर दीड मीटर लाल मुरूम, विटांचे तुकडे, कोरडं ठणठणीत. त्याखाली मिठागराची काळी ओली चिकण. सळईला तिथपर्यंत पोचायचं असतं, तिथे पोचली की मग काळजी नाही. माझी सळई साठ सेंटिमीटर गेली आणि टण्णकन आवाज आला. काहीतरी कडक लागलं, जुन्या पायाचा दगड असेल. मी आणखी दोन घण घातले. राखणदाराच्या घरावरचा गजरा हादरून खाली पडला.

"बस," मावशी म्हणाली. "उआन, बस. तो नको म्हणतोय."

मी तिला सांगायला हवं होतं की मावशी, दगड आहे, वीतभर बाजूला ठोकतो, पाच मिनिटांचं काम. माझ्या ओठावर वाक्य आलेलंही होतं. पण तिनं गजरा उचलून छातीशी धरला होता आणि डोळ्यांत पाणी. मी घण खाली ठेवला आणि हसलो. हे माझं हसणं, देवा. म्हटलं, काही हरकत नाही मावशी, एवढी पुरे. तिच्या चेहऱ्यावर असा काही जीव आला की मला वाटलं मी पुण्य केलं. ती आत गेल्यावर मी करवतीनं उरलेली सळई कापली, टोकाला क्लॅम्प बसवला, हिरवी वायर आवळली. वरून बघणाऱ्याला बोटभर तांबं दिसत होतं, आत किती आहे हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

मनाची समजूतही तयार होती. म्हटलं, चार्जर लावायला येणारा माणूस मशीन लावून अर्थिंग मोजल्याशिवाय काम करत नाही. त्याला कमी वाटलं तर तो सांगेल, मग ते त्याचं आणि सायरुंगचं बोलणं, मला मावशीला दुखवावं लागणार नाही. गाडी यायला चार महिने आहेत. तोपर्यंत अर्थिंगचं काय अडलंय. असं ते पुढच्यावर ढकललेलं काम.

संध्याकाळी सायरुंगला क्लॅम्पचा फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, सुंदर झालंय, पूर्ण दोन मीटर चाळीस गेली ना? हो लिहायला हात होईना, नाही लिहिलं तर मायलेकींत भांडण. मग मी एक अस्वलाचं चित्र पाठवलं, हात जोडून वाकलेलं अस्वल, खाली धन्यवाद लिहिलेलं. तिनं उलट एक हसरी मांजर पाठवली. वीज ऑफिसचा माणूस आला, बोर्ड बघितला, क्लॅम्प बघितला, मोठा मीटर लावून गेला.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जुन्या वायरिंगमध्ये परत जाणारी वायर तुटली असती तर फक्त दिवे गेले असते. घर अंधारात बसलं असतं, बाकी कुणाच्या केसाला धक्का लागला नसता. मी नव्या बोर्डात नियमाप्रमाणे ती परत जाणारी वायर अर्थिंगला जोडली आणि अर्थिंगच्या हिरव्या वायरी फ्रिज, धुण्याचं मशीन, पाण्याचा पंप, सगळ्यांच्या अंगाला बांधल्या. आता खांबावर ती वायर तुटली तर वीज परतीची वाट सळईतून शोधणार. सळई ओल्या चिकणीत असली तर सगळी तिथे जिरते, माणसाला कळतही नाही. सळई कोरड्या मुरमात असली तर जायला जागा नाही, मग ती या मशीनांच्या लोखंडावर येऊन बसते. गळती पकडणारा स्विचही अशा वेळी गप्प राहतो, त्याला काही वावगं दिसतच नाही. म्हणजे मी त्या घराला हातच लावला नसता तरी चाललं असतं, आणि पूर्ण काम केलं असतं तरी चाललं असतं. मी अर्धं केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी, मिठाचे ढीग भरायला आले होते. खारा वारा. आमच्याकडे खांबावरचे जोड त्या वाऱ्यानं पोखरून निघतात, कुणाचा ना कुणाचा जोड दर महिन्याला जातोच. त्या सकाळी आठ वाजता मावशीच्या परत जाणाऱ्या वायरचा गेला. घरचे दिवे गेले, पंखे थांबले, नळाचं पाणी थांबलं. तिनं मला फोन करून सांगितलं की वीज गेली, बाकी गल्लीत आहे, सवडीनं ये. मी म्हटलं, चहा पिऊन येतो. काका परसात होते. पंपाचा खटका चालूच राहिलाय, वीज एकदम आली तर पंप जळेल, म्हणून तो बंद करायला ते अनवाणी गेले. कपडे धुवून फरशी ओली होती. डावा पाय घसरला असेल, आधारासाठी त्यांनी पंपावर हात टेकला.

मी पोचलो तेव्हा ते पंपाशेजारी आडवे होते आणि मावशी त्यांच्या छातीला तेल चोळत होती. दोन शेजारी त्यांना उचलायला वाकले होते. मी टेस्टर काढून पंपाच्या अंगाला लावला. लाल दिवा लागला. घरात एक बल्ब पेटत नव्हता आणि पंपाच्या लोखंडावर दिवा लागला. मी ओरडून सगळ्यांना मागे सारलं, पळत जाऊन मेन स्विच पाडला. मग परत येऊन पाहिलं, काका गेलेले होते. उजव्या तळहाताच्या मधोमध मिरीएवढा पांढरा डाग. तो मी पाहिला, दुसऱ्या कुणी नाही.

डॉक्टरनं हृदय लिहिलं. आधी झटका येऊन गेलेला म्हातारा, घरात वीज नव्हती हे दहा जण सांगतात, तो आणखी काय लिहिणार. पण गल्लीनं आपला निकाल दिला. वीज नसताना विजेच्या पंपाजवळ माणूस मरतो तेव्हा ते विजेचं काम नाही. राखणदाराच्या पायात लोखंड ठोकलं, त्यानं गजरा पाडून सांगितलं होतं, तरी ते काढलं नाही, उलट तसंच आत ठेवलं. मी त्याच दिवशी दुपारी बोर्ड उघडून अर्थिंगचा जोड तोडला आणि घर पहिल्यासारखं दोन वायरींवर आणून ठेवलं. मावशी भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. मी तिला काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं तो माझा दुसरा दिवस, आणि तोही मी घालवला.

सायरुंग दुपारनंतर आली, कुणाच्या तरी गाडीतून. देवळाच्या मंडपात काकांच्या हातावर शेवटचं पाणी घालायला माणसं रांगेत उभी होती. ती सगळ्यात शेवटी पुढे झाली. मावशीनं तिच्या हातातला पाण्याचा गडू काढून घेतला.

"तुझ्या गाडीनं खाल्लं यांना," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही, सगळ्यांना ऐकू गेलं. "अजून दारातही आली नाही, तोवर खाल्लं."

गडू सायरुंगच्या आत्यानं तिच्या हातात परत दिला, तिनं पाणी घातलं आणि मागे जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. पाच संध्याकाळी भिक्षूंचं पठण झालं, पाचही संध्याकाळी ती त्याच खुर्चीत. मायलेकी एका चटईवर बसल्या नाहीत. मावशी रात्री घरी, ही देवळात झोपायची. मी रोज जाऊन चहाचे पेले भरत होतो, खुर्च्या मांडत होतो. लोक म्हणाले, उआनसारखा माणूस नाही. मी आणखी खुर्च्या मांडायचो.

दहनाच्या दिवशी, देवळातल्या दहनघराच्या चिमणीतून धूर निघाला तेव्हा सगळे घरी निघाले. ती चिंचेखाली एकटी उभी होती. मी गेलो आणि सांगितलं. काही न वगळता सगळं सांगितलं, साठ सेंटिमीटर, दगड, करवत, मुरूम, पंप, तळहातावरचा डाग. बोलता बोलता मी खालीच बसलो. ती उभीच.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही अस्वल पाठवलंत."

मी म्हटलं, हो.

"मी ते अस्वल बघून झोपले. मला वाटलं, काम झालं." तिचा आवाज एकदम फाटला, पण डोळे कोरडे. "शिव्या द्याव्यात तर त्याही सुचत नाहीत मला, काका."

मी म्हटलं, मी तुझ्या आईला सांगतो. आत्ताच येतो तुझ्याबरोबर. पोलिसांत सांगायचं असेल तर तिथेही येतो. तुझा काही दोष नाही, गाडीचा नाही, राखणदाराचाही नाही. तिला कळलं की ती तुला जवळ घेईल. हे सांगताना मला पहिल्यांदा श्वास आल्यासारखं वाटलं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

ती धुराकडे वळली. मग विचारलं, "ठोकणं थांबवा, असं कोण म्हणालं?"

मी सवयीनं हसायला गेलो.

"काका, मला अस्वल नको. कोण म्हणालं?"

"मावशी म्हणाली, बस."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. सायरुंगचा चेहरा बापासारखा आहे, मला ते त्या दिवशी कळलं. ती अगदी हळू बोलली, बँकेत म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला समजावतात तसं.

"मग तिला सांगू नका. आत्ता ती म्हणते, मुलीच्या गाडीनं खाल्लं. उद्या तुम्ही सांगाल आणि ती म्हणेल, माझ्या एका शब्दानं खाल्लं. चाळीस वर्षं त्या माणसाला भरवलं तिनं, शेवटची दोन तर अक्षरशः हातानं. माझ्यावर रागावून ती जगेल. स्वतःवर रागावून नाही जगायची."

मी म्हटलं, आणि तू?

"मी बँकॉकला असते," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिनं गाडी रद्द केली. जायच्या आधी घरी गेली, उंबऱ्यापाशी बसून तीनदा नमस्कार केला. मावशी आत भांडी घासत होती, तिनं नळ मोठा केला. व्हॅनच्या थांब्यावर मी तिची बॅग उचलून दिली. कुणी तिच्यामागे डबा घेऊन पळालं नाही.

सोंगक्रान आला. आमच्यात त्या दिवशी पोरं घरी येतात आणि थोरांच्या हातावर सुगंधी पाणी घालतात. मावशी नवे कपडे घालून पडवीत बसली होती. गल्लीतल्या दुसऱ्यांच्या पोरांनी तिच्या हातावर पाणी घातलं, तिनं सगळ्यांना आशीर्वाद दिले. मीही घातलं. माझ्या डोक्यावर ओला हात ठेवून ती म्हणाली, तू एकटा माझ्या मनाला जपलंस, तुझं भलं होईल. मला वाटलं, आत्ता जमीन फाटावी. मी हसलो.

पण घर तसंच होतं. दोन वायरींवर, अर्थिंगशिवाय. बाई एकटी, पंप तोच, फरशी ओलीच असणार. उद्या पंपाचं आतून काही फुटलं तर गळती पकडणारा स्विच पाडायला धड अर्थिंग नको? मला रात्ररात्र तो पंप दिसायचा. मे महिना लागला तेव्हा मी ठरवलं, ती हाकलून देईना का, या वेळी विचारायचं. सरळ विचारायचं. सळई खांद्यावर टाकूनच तिच्या दारात गेलो, म्हणजे माझं मला मागे फिरता येऊ नये.

ती झेंडू ओवत बसली होती. मी म्हटलं, मावशी, रागावायचं तर रागाव, पण मला पुन्हा सळई ठोकायची आहे, आणि पूर्ण ठोकायची आहे. ती तुटकी काढून टाकतो. घराला अर्थिंग पाहिजेच, त्याशिवाय मी तुझ्या घरातली वायर आता हातात धरणार नाही. एवढं बोलून मी थांबलो. माझ्या आयुष्यात मी कुणा वडीलधाऱ्याशी इतकं सरळ बोललो नव्हतो.

तिनं सुईतला दोरा तोडला.

"मग कुंपणापलीकडे घाल की," ती म्हणाली. "कालव्याच्या काठाला. तिथे त्याची हद्द नाही, त्याची हद्द कुंपणापर्यंत. तिथे तू हत्ती पुरलास तरी तो विचारायचा नाही."

मी म्हटलं, बोर्डापासून तिथवर वायर न्यायची तर फरशी फोडावी लागेल.

"फोड. फरशी काय, परत घालता येते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं, साधंच, काही मनात न ठेवता. "तेव्हाही हेच सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस."

तिनं पुढचं फूल उचललं. मी कुंपणाचं दार उघडून बाहेर गेलो. बोर्डापासून सात पावलं. खाली ओली काळी चिकण होती आणि सळई सगळी आत जायला अर्धा तासही लागला नाही.